काय हवंय?

गिरगाव सोडून गेलेल्या माणसाला गिरगावात यायला नेहमी काही तरी निमित्त लागतं. नुसतं "खायला आलो" असं म्हणायची आमच्यात पद्धत नाही. बँकेतलं जुनं खातं चालू ठेवलेलं असतं, कारण पासबुक भरायच्या नावाखाली एक खेप होते. दात दुखला की उपनगरातले झाडून सगळे दातांचे डॉक्टर सोडून ठाकुरद्वारचेच आठवतात. पाडव्याची शोभायात्रा असते, केशवजी नाईकांच्या चाळीतला १८९३ पासूनचा गणपती असतो, साहित्य संघात नाटक असतं, नाही तर कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका छापायची असते. ते काम आटपतं आणि मग सहज सुचल्यासारखं कुणी तरी म्हणतं, "आता आलोच आहोत तर..." हे 'तर' आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. पासबुक सकाळी सुचलेलं असतं.

ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रो गिरगावपर्यंत आली आणि निमित्त काढायची ही सगळी कला एकदम निकामी झाली. मी मरोळला राहतो. पूर्वी अंधेरीपर्यंत बस, मग लोकल, मग चर्नी रोडचा जिना, एवढं करून केवळ मिसळ खाऊन परत येणं हे संसारी माणसाला शोभत नसे. आता मरोळ नाक्याला जमिनीखाली उतरायचं आणि गिरगावला वर यायचं. वर आल्यावर मात्र क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळत नाही. स्टेशनसाठी पाडलेल्या इमारती जिथे होत्या तिथे नजर अजून सवयीने वर जाते आणि वाळत घातलेलं काही दिसत नाही म्हणून गोंधळून खाली येते. पण असल्या गोष्टींची आम्हाला सवय आहे. ज्या मॅजेस्टिकमध्ये १९३१ साली 'आलम आरा' लागला, तिथे शॉपिंग सेंटर होऊन जमाना लोटला. ट्राम तर १९६४लाच बंद झाली, तरी आमच्या नेहमीच्या मिसळीच्या हॉटेलाच्या पार्सलच्या पिशवीवर पुढे कितीतरी वर्षं पत्त्यात ट्रामचा थांबा छापलेला असायचा. पिशव्या आधीच जास्त छापून घेतल्या होत्या, असं त्याचं कारण होतं.

त्या हॉटेलाचं नाव मी सांगणार नाही. यात गूढ काही नाही. २०१५ साली दादरच्या 'आस्वाद'च्या मिसळीला लंडनमध्ये जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून पुरस्कार मिळाला आणि दादरकरांना आपल्याच मिसळीसाठी नाव लिहून बाहेर उभं राहायची वेळ आली. गिरगावात ही बातमी मोठ्या मनाने स्वीकारली गेली. म्हणजे, "दादरची?" एवढंच लोक म्हणाले. पण धडा घेतला. चांगल्या हॉटेलाचं नाव आम्ही आता जावयालासुद्धा जरा उशिराच सांगतो.

तर हे हॉटेल. पाटीवर 'उपाहारगृह' असलं तरी तोंडात हॉटेलच. गिरगावात या जातीची ठिकाणं पुष्कळ. फणसवाडीच्या तोंडाशी 'विनय हेल्थ होम', तसंच 'पणशीकर', 'प्रकाश दुग्ध मंदिर'. मिसळ, थालीपीठ, बटाटावडा, साबुदाणा वडा, डाळिंबीची उसळ, पियुष, खरवस, हंगामात मटारच्या करंज्या. ताट मिळायचं ती खानावळ, आणि खानावळ हा वेगळाच विषय. गावाकडे बायकामुलं ठेवून मुंबईत राबणारा पुरुष खानावळीवर जगला. गिरणगावात तर बाया आपल्या खोलीतच चुली पेटवून कामगारांना महिन्यावारी जेवायला घालत. त्या खानावळवाल्या बायांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळीत माणूस पोटासाठी जायचा. उपाहारगृहात घरी जेवण तयार असूनही जायचा, आणि म्हणूनच घरच्यांना त्याचा राग यायचा. "घरात काय उपाशी ठेवलं होतं?" हा आमच्या आजीचा कायमचा प्रश्न. त्याला उत्तर नव्हतं. निदान तिच्यापुढे बोलता येईल असं नव्हतं.

आजीचे हॉटेलवरचे आक्षेप तात्त्विक होते. पाव पायांनी मळतात ही तिची पक्की खात्री होती आणि ती बदलायला कुणी बेकरी उघडून दाखवली असती तरी ती बदलली नसती. साबुदाणा वडा मात्र तिला चाले. उपासाचा ना तो! त्या वड्यातला साबुदाणा तमिळनाडूत सेलमकडे तयार होतो, तो ज्या कंदापासून करतात तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणाही तिकडचाच, बटाटाही, आणि मिरची मेक्सिकोकडची. म्हणजे आषाढी एकादशीला आजी जे खात होती त्यात तुपामिठाशिवाय आपलं असं जवळपास काहीच नव्हतं. हे तिला सांगायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. आता आजी नाही, म्हणून इथे लिहून टाकलं.

हॉटेलात शिरलं की आधी पाट्या. 'उधारी बंद आहे.' 'काम झाल्यावर बसू नये.' 'मोरीत चूळ भरू नये.' 'पाव परत घेतला जाणार नाही.' 'राजकारणावर चर्चा करू नये', आणि बरोबर तिच्याखाली बसून दोन पिढ्यांनी राजकारणावर चर्चा केली. पाट्यांची ही परंपरा मुळात इराण्यांची की आमची, ते सांगणं कठीण आहे. यझ्द आणि केरमानकडून आलेल्या इराण्यांनी मुंबईच्या नाक्यानाक्यावर चहा, ब्रून-मस्का आणि सूचना या तीन गोष्टी दिल्या. धोबीतलावच्या बस्तानीतल्या पाट्यांवरून निसीम इझिकेल यांनी इंग्रजीत चक्क कविता केली. आमच्या हॉटेलातल्या पाट्यांवर कुणी कविता केली नाही. करायला हवी होती, पण कवी मंडळी तिथे उधारीवर येत आणि पहिलीच पाटी वाचून त्यांचा मूड जात असे.

पाटी चालेल, पण त्यापुढची गोष्ट म्हणजे मामा. मामा लांज्याकडचे. खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर फडकं, एका हातात पाण्याचे चार पेले, प्रत्येकात एकेक बोट. टेबलाशी येऊन ते विचारत, "काय हवंय?" यातला 'हवंय' ऐकून कुणालाही वाटावं की आपण काही तरी परत मागायला आलो आहोत. "काय काय आहे?" असं विचारणारा माणूस नवखा. त्याला मामा उत्तर देत नसत, नुसती मान फळ्याकडे वळवत. फळ्यावर खडूने पदार्थ लिहिलेले आणि संपलेल्यावर ओल्या बोटाची रेघ. ती रेघ मारताना मामांच्या चेहऱ्यावर एरवी कधी न दिसणारं समाधान दिसे. ऑर्डर ते कधी लिहून घेत नसत. खाऊन उठलं की मामा जागेवरूनच गल्ल्याच्या दिशेने ओरडत, "कोपरा, तिघं, साडेअकरा!" आणि मालक न बघता साडेअकरा घेत. आपण कितीचं खाल्लं हे सबंध हॉटेलाला कळत असे. त्यामुळे बाहेर पडताना दुसरी प्लेट घेतलेल्या माणसाची मान किंचित खाली असे.

मालक तर त्याहून अबोल. पांढरा सदरा, कपाळाला गंध, समोर काचेच्या बरणीत चिकट बडीशेप. माझ्या वडलांची आणि त्यांची शाळा एक, वर्ग एक. तरी वडील पैसे द्यायला गेले की दोघेही जणू पहिल्यांदाच भेटल्यासारखे सुटे मोजत. घरी येऊन वडील म्हणत, "आज खुशीत होता." हे त्यांना कशावरून कळे ते देवाला माहीत.

आता हे सगळं ऐकून कुणी म्हणेल की अशा ठिकाणी माणसं जायचीच कशाला? जात होती याचं कारण चाळ. चाळीत राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. दीड खोलीत सात माणसं आणि बाहेरच्या सामाईक गॅलरीत उरलेलं जग. तुम्ही चपला घातल्या की "कुठे निघालास?", काढल्या की "इतक्या लवकर आलास?" निकाल लागला की मार्क, मार्क सांगितले की टक्के, टक्के सांगितले की शेजारच्या विंगेतल्या मुलाचे टक्के. नोकरी, पगार, स्थळ, पत्रिका, पाळणा. सगळं प्रेमाने, सगळं जाहीर. चाळीतल्या प्रेमाबद्दल फार लिहून झालं आहे आणि ते खोटं नाही. पण त्या प्रेमाला दार नव्हतं. असलं तरी रात्री अकराच्या आत लावलं तर आजारी आहे का म्हणून चौकशी व्हायची.

सगळ्या गिरगावात अशी एकच जागा होती, जिथे कुणी काही विचारत नसे. विचारलंच तर "काय हवंय?" आणि त्याचं उत्तर 'मिसळ' एवढंच असे.

माझा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मी घरी जायच्या आधी तिथे गेलो. मार्क किती होते ते सोडा, चाळीने ते पुरेसे मोजले आहेत. कोपऱ्यातल्या संगमरवरी टेबलावर दोन्ही कोपरं टेकून बसलो होतो. चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार. मामा आले. माझ्याकडे पाहिलं. आता हे काही तरी बोलणार, "कसा लागला?" असं विचारणार म्हणून मी जीव मुठीत धरला. मामा म्हणाले, "कोपर उचल." टेबल पुसलं. "काय हवंय?" त्या दिवशीच्या मिसळीत जास्तीचा वडा आला नाही, रस्सा जास्त आला नाही, मालकांनी पैसे नको म्हटलं नाही. नेहमीची मिसळ नेहमीच्या बशीत आली, मी ती खाल्ली, मामा ओरडले, मी पैसे दिले. त्या एका दिवसात माझ्याशी नेहमीसारखं वागलेली तेवढीच दोन माणसं.

या वेळी गेलो तो बायकोला घेऊन. ती सदाशिव पेठेतली, त्यामुळे मुंबईच्या मिसळीबद्दल तिची मतं लग्नाआधीपासून तयार आहेत. पुण्यात मिसळीत पोहे घालतात, आणि पोहे नसलेली मिसळ हा तिच्या मते उसळ-पावावर ओतलेलं फरसाण आहे. कोल्हापूरकरांचं मत आम्हा दोघांबद्दलही वाईट आहे, तिकडे कट हाच प्राण. नाशिकला मिसळीबरोबर पापड येतो, तो का येतो हे विचारलं तर नाशिककर दुखावतात. आमच्या हॉटेलातली मिसळ साधी. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, उकडलेला बटाटा, वर फरसाण, कांदा-कोथिंबीर, लिंबाची फोड आणि बाजूला वाटीत रस्सा. तिखट म्हणाल तर नाकात पाणी येईल इतकी, डोळ्यांत येणार नाही इतकी. रस्स्याला खोबऱ्याचं वाटण, गरम मसाल्यात लवंग थोडी पुढे. लादीचा पाव. गरम करून नाही, भाजून नाही, लोणी लावून तर नाहीच. पाव मऊ आणि रस्सा कढत, एवढाच करार.

बाहेरून हॉटेल ओळखू आलं नाही. काचेचं दार, वर एसी, पाटीवर नवं बोधचिन्ह. आत संगमरवरी टेबलं गेलेली, पाट्या गेलेल्या. भिंतीवर जुन्या गिरगावचे फोटो लावलेत, त्यात ट्राम आहे. म्हणजे बाहेरचं गिरगाव गेलं ते आत टांगलंय. फळ्याच्या जागी मेनूकार्ड, त्यात मिसळीचे आठ प्रकार. चीज मिसळ हा शब्द मी बायकोच्या नजरेला पडू नये म्हणून बोटाने झाकला. तिने तो आधीच वाचला होता. "अहो, पोह्यांना नावं ठेवता ना?" एवढंच म्हणाली.

गल्ल्यावर मालकांचा नातू. देखणा, टापटीप, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला असावा. तो उठून टेबलाशी आला, किंचित वाकला आणि म्हणाला, "नमस्कार सर, मॅडम. आमच्याकडे पहिल्यांदाच येताय का?"

मी काही बोललो नाही. बोलता येण्यासारखं काय होतं? त्याच्या आजोबांनी माझ्या वडलांना उभ्या जन्मात नमस्कार केला नव्हता, हे कौतुक म्हणून सांगितलं असतं तरी त्याला ते तक्रार म्हणूनच ऐकू गेलं असतं. बायकोला मात्र हसू आवरेना. "हो, पहिल्यांदाच," ती म्हणाली, "यांना कुणी तरी सांगितलं की इथे बरं मिळतं."

मग तो जे विचारत सुटला ते पुण्याच्या पाहुण्यांनाही लाजवणारं होतं. तिखट कितपत चालेल? पाव साधा की गव्हाचा? कांदा-लसूण खाता ना? खाणं अर्ध्यावर असताना परत आला, "सर, सगळं ठीक?" तोंडात घास होता, मी मान हलवली. ती मान पुरेशी उत्साही वाटली नसावी, कारण तो पुन्हा आला. शेवटी एक फॉर्म. नाव, मोबाइल नंबर, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस. वाढदिवसाच्या दिवशी दहा टक्के सूट. चाळीतल्या काकूंनाही एवढी माहिती मिळवायला निदान दोन दिवस लागत.

पोरगा वाईट नाही. भाडं, पगार, गॅस, वरून घरपोच खाणं पोचवणाऱ्या कंपन्यांचं कमिशन आणि मोबाइलवर तारे देणारी गिऱ्हाइकं. एकाने दोन तारे दिले की याची रात्रीची झोप जात असणार. आजोबांना कुणी तारे दिले असते तर त्यांनी ते सुट्या पैशांत मोजून गल्ल्यात टाकले असते. आदबीने वागणं ही नातवाची गरज आहे हे मला कळतं. फक्त त्या आदबीपुढे मला आपण कोण हे सारखं सिद्ध करावं लागतंय असं वाटत राहिलं, आणि मिसळ खाताना माणसाला कुणीच व्हायचं नसतं.

तेवढ्यात पाणी ठेवायला पोऱ्या आला. विशीतला, झारखंडचा, हे नंतर कळलं. हल्ली मुंबईच्या बहुतेक भटारखान्यांत मुलं ओडिशाची, झारखंडची, बंगालची, नेपाळची. मराठी त्याला पदार्थांपुरतं येत होतं, पण ते अगदी अस्सल. मी मेनूकार्डावर कोपरं टेकून बसलो होतो. त्याने फडकं काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, हात उचला." मी पटकन उचलले. टेबल पुसून तो म्हणाला, "आणखी काय हवंय?" बायकोने विचारलं, "साबुदाणा वडा गरम आहे का?" तो म्हणाला, "नाही. थांबा." आणि निघून गेला. मला एकदम हुशारी वाटली. मालकांचा वारसा गल्ल्यावर नव्हता, तो मोरीकडून येत-जात होता, आणि त्याला ते कुणी शिकवलं असेल अशी शक्यता नव्हती. काम फार आणि माणसं कमी असली की ही शैली आपोआप येत असावी.

चव तीच आहे का, हा प्रश्न परतल्यावर सगळ्यांनी विचारला. मला तो प्रश्न आवडत नाही. तेल बदललं असणार, पूर्वी शेंगदाण्याचं असे. वाटण आता यंत्रावर होतं, पाव आकाराने लहान झालाय हे तर आंधळ्यालाही कळेल. आणि इकडे आपलं काय? जिभेवर रक्तदाबाची गोळी, पोटात पित्ताची. शाळेतून चिराबाजारापर्यंत तंगडतोड केल्यावर लागलेली भूक एसी मेट्रोतून आलेल्या माणसाने शोधू नये. लवंग अजून पुढे आहे, एवढं मी शपथेवर सांगतो. बायकोने मिसळ सगळी संपवली आणि मग म्हणाली, "पोहे हवेच होते." पुण्याच्या हिशेबाने हे प्रशस्तिपत्रक आहे.

एक गोष्ट मात्र मला तिथे बसल्यावर पहिल्यांदा नीट दिसली. आमच्या शेजारच्या टेबलावर तिशीतली एक बाई एकटीच थालीपीठ खात होती. मोबाइल पेल्याला टेकवून काही तरी बघत, लोण्याचा गोळा हळूहळू पसरवत. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. नातवानेही तिला एकदाच विचारलं असावं, कारण तिने मान वर न करता हात हलवून त्याला लावून दिलं. पूर्वी या हॉटेलात मागच्या बाजूला 'फॅमिली रूम' होती. दोन लाकडी आडोसे, मळका पडदा, आत पंखा नाही. बाया आल्याच तर तिथे बसायच्या, त्याही कुणा पुरुषासोबत. बाहेरची टेबलं आमची. आमच्या आईने उभ्या आयुष्यात त्या हॉटेलात बसून एक घास खाल्ला नाही. तिच्यासाठी आम्ही स्टीलच्या कडीच्या डब्यात रस्सा आणि पुडीत फरसाण आणायचो, आणि ती सगळ्यांची पानं झाल्यावर गॅलरीतल्या चौकशा झेलत ते खायची. कुणी काही न विचारण्याची जी चैन मी मघापासून वर्णन करतोय ती चाळीतल्या निम्म्या माणसांनाच होती, आणि ज्या निम्म्यांना तिची गरज जास्त होती त्यांना नव्हती. ती फॅमिली रूम तोडून तिथे आता स्वच्छ बेसिन आणि बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह केलंय. नातवाचे मिसळीचे आठही प्रकार मी यासाठी माफ करायला तयार आहे. चीज धरून.

बिल छापील, पाच टक्के जीएसटीसकट. पैसे मोबाइलवरून दिले. आणि तेव्हा जे झालं त्याने मात्र मी खुर्चीतल्या खुर्चीत दचकलो. गल्ल्यावरच्या त्या चौकोनी डबीतून एका अनोळखी बाईच्या आवाजात, सबंध हॉटेलाला ऐकू जाईल अशी, आमच्या बिलाची रक्कम जाहीर झाली. रुपयांसकट, बिनचूक. मामांच्या जागी कुणी नेमलेलं नाही असं मला इतका वेळ वाटत होतं. दुसरी प्लेट मागवलेली असल्यामुळे मी मान किंचित खाली घालून बाहेर पडलो. "हे तुमच्याकडे पूर्वीपासूनच आहे का?" बायकोने विचारलं. मी हो म्हटलं.

बाकी काही असो, त्या पोऱ्याची नोकरी टिकली पाहिजे. नातवाने त्याला नम्रतेचं प्रशिक्षण देऊ नये एवढी माझी त्याला हात जोडून विनंती आहे, आणि ती मी फॉर्मवर 'सूचना' या रकान्यात लिहून आलोय.

कुणाला हे हॉटेल शोधायचंच असेल तर नावाखेरीज बाकी सगळी माहिती देतो. मिसळ सकाळी अकराच्या आत खावी, नंतर रस्सा पातळ होतो. थालीपीठाला वीस मिनिटं लागतात, घाई करून ती कमी होत नाहीत. पियुष शनिवारी लवकर संपतं. रस्सा एकदा फुकट, दुसऱ्यांदा पैसे. फॉर्मवर जन्मतारीख भरू नका, पहाटे सहाला शुभेच्छा येतात. आणि सोमवारी हॉटेल बंद असतं.